आबांचा डावा पाय

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. घरी जाऊन नाही, आत्ता. घरी गेले की मी स्वतःची बाजू घ्यायला लागते, मला माहीत आहे.

मी धुळ्यात आहे. हायवेवरच्या एका हॉटेलच्या मागे गाडी चार्जिंगला लावलीय आणि स्क्रीनवर अजून अडतीस मिनिटं दाखवतंय. बाहेर ऊन इतकं आहे की हॉटेलवाल्याचं कुत्रं माझ्या गाडीखाली येऊन झोपलंय. बाजूची सीट रिकामी आहे. त्या सीटवर आबा होते, म्हणजे माझे वडील. पाऊण तासापूर्वी ते माझ्यासमोर लाल बसमध्ये बसले आणि पुढे दोंडाईचाला निघून गेले. भांडून नाही हो. हसत हसत गेले. म्हणून तर जास्त लागलंय.

तर नीट पहिल्यापासून सांगते.

आबा एकतीस वर्षं लाल गाडीचे ड्रायव्हर होते. जळगाव-धुळे-दोंडाईचा हा त्यांचा रूट. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, साधा कुणाच्या सायकलला धक्का नाही. त्याचा एक बिल्ला मिळतो, विनाअपघात सेवेचा. तो आमच्या घरात टीव्हीच्या वर खिळ्याला लटकवलेला असायचा. पाहुणे आले की आई चहा ठेवायला आत जायची आणि आबा काही न बोलता फक्त त्या बिल्ल्याकडे बघायचे, म्हणजे पाहुणा पण बघेल.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. छोटी, पांढरी, गिअरची. तिचा गिअर टाकताना असा कट्‌ आवाज यायचा आणि आबा म्हणायचे, "बोलली." सकाळी मला जळगावच्या एमआयडीसीत ऑफिसला सोडायचे, मग आईला भाजीबाजारात, मग स्वतः डेपोसमोर चहाला. संध्याकाळी परत उलटा फेरा. घरातला रूटच लावून घेतला होता त्यांनी. पाच मिनिटं उशीर झाला की मला म्हणायचे, "गाडी सुटनी असती आते तुनी." आत्ता सुटली असती तुझी गाडी, असं.

मग गेल्या वर्षी ती गाडी फारच दमली. दर महिन्याला काहीतरी. आणि मी, मी काय सांगू, मी अशी आहे की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बास. महिनाभर व्हिडिओ बघितले. पेट्रोल, हायब्रीड, इलेक्ट्रिक, तिन्हींचा तक्ता केला वहीत. रोजचं चालणं किती, तर चाळीस किलोमीटरच्या आत. सर्व्हिसिंग, पंपावरची रांग, एसी, धूर, आवाज, सगळं लिहिलं. सावद्याला माझा मावसभाऊ आहे, केळीच्या व्यापारात, त्याच्याकडे हायब्रीड आहे. तो फोनवर म्हणाला, "बाई, हायब्रीड घे. गावात बॅटरीवर, लांब जायचं तर पेट्रोलवर. आम्ही व्यापारी माणसं, दोन्हीकडे पाय ठेवून असतो."

मी म्हटलं, "तुमचे असतील दोन्हीकडे. आम्हाला रोज गावातल्या गावात फिरायचंय."

आईला आवाज नसलेली गाडी आवडली. आबांनी शोरूममध्ये आत बसून नुसतं इकडेतिकडे बघितलं. डावा हात खाली नेला, तिथे गिअरचा दांडा नव्हता, एक गोल बटण होतं. त्यांनी ते कुकरची शिट्टी तपासावी तसं दोन बोटांनी हलवून बघितलं. मग म्हणाले, "तुला पटतंय ना? घे मग."

मला तेव्हा वाटलं, वा, किती मॉडर्न माणूस. पांढरी गाडी एक्सचेंजमध्ये देऊन टाकली. आबांनी तिच्यातून फक्त उदबत्तीचा स्टँड काढून घेतला.

आता खरी गोष्ट. बसचा क्लच असा पायाच्या पंज्यानं दाबला जात नाही. अख्खी मांडी घालावी लागते त्यात. दिवसातून हजारदा. थांबायचं म्हटलं की आधी डावा पाय जातो, डोक्याला विचारत पण नाही. आणि नव्या गाडीत क्लच नाही. दोनच पेडल. त्यात ब्रेकचं पेडल चांगलं रुंद. मग काय होणार? समोर रिक्षा आडवी आली, आबांचा डावा पाय उठला आणि जिथे क्लच असायला पाहिजे तिथे जे सापडलं त्याच्यावर पूर्ण ताकदीनं पडला. गाडी जागेवर खिळली. मागे बसलेली आई माझ्या सीटवर आदळली. "व माय! भिंत आली का मधी?"

पहिल्यांदा आम्ही हसलो. आबा पण हसले. दुसऱ्यांदा पण हसलो.

आठव्या-नवव्या वेळी कुणी हसलं नाही.

मी मग शिकवायला घेतलं. बघा ना, मी! ज्या माणसानं मला सायकलपासून सगळं शिकवलं त्याला मी रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात नेऊन सांगतेय, "आबा, डावा पाय मागे घ्या. सीटखाली. तो आता नाहीच आहे असं समजा." ते समजायचे. अर्धा तास छान चालवायचे. मग मैदानात एखादी शेळी यायची आणि पाय परत हजर. आईनं सांगितलं, डाव्या पायाची चप्पल काढून ठेवा, म्हणजे आठवण राहील. तेही केलं. एका पायात चप्पल घालून माझे आबा गाडी चालवत होते. शेवटी त्यांनीच गाडी बाजूला घेतली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बेटा, मना पाय मनं ऐकस नही." माझा पाय माझं ऐकत नाही. जसं काही मुलाची तक्रार करतायत शाळेत.

मी म्हटलं होईल सवय. व्हिडिओत सगळे तसंच म्हणतात, आठवडाभरात सवय होते.

मग सावदा झालं. मावशीकडे चाललो होतो, आबाच चालवत होते, कारण मीच हट्ट केला. केळीचा सीझन, रस्त्याला ट्रक लागलेले, भरलेले ट्रॅक्टर येतायत जातायत. एक मोटारसायकलवाला मधे घुसला. तो गेला पण निघून, काही गरजच नव्हती थांबायची. पण पाय पडला. गाडी थांबली आणि मागून ट्रॅक्टर येऊन टेकला. टेकलाच फक्त. बंपर चेपला, केळीचे दोन घड खाली पडले. ट्रॅक्टरवाला उतरला, आबांचे पांढरे केस बघून जरा नरम झाला, पण म्हणालाच, "आबा, चालत्या रस्त्यात असं उभं राहतं का कोणी? गाडी येत नसेल तर पोरीला देत जा की!"

आबांनी खाली वाकून घड उचलून ट्रॉलीत ठेवले. मग गाडीची पुढून फेरी मारून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, "सरक."

मी बडबडत होते. मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याची असते, हा अपघात धरतच नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मग ब्रेक कोनी मारा?"

घरी आल्यावर त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. खिळा तसाच आहे. आई त्याच्यावर आता कॅलेंडर लावते.

त्याला सात महिने झाले. तेव्हापासून आबा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले नाहीत. मी विचारलं की म्हणतात, "आज राहू दे." सकाळी ऑफिसला मीच नेते स्वतःला. आई रिक्षानं बाजारात जाते. डेपोसमोरचा चहा बंद, कारण तिथे पायी गेलं तर लोक विचारतात गाडी कुठे. मी मावसभावाला फोन करून विचारलं, तुझ्या हायब्रीडला क्लच आहे का रे? तो म्हणाला, "नाही गं, तिलाही दोनच पेडल." म्हणजे तेही घेतलं असतं तरी हेच. नवी पेट्रोल गाडी गिअरची घेतली असती तरच. एवढा मोठा तक्ता केला होता मी, आणि खरं सांगते, तो चुकलेला नाहीये. आमच्या रोजच्या चालण्याला हीच गाडी बरोबर आहे. आजही कुणी विचारलं तर मी हीच घ्या म्हणेन. फक्त त्या तक्त्यात आबांच्या डाव्या पायाचा रकाना नव्हता.

मी पांढऱ्या गाडीची चौकशी पण केली, गुपचूप. ती कुणीतरी नंदुरबारकडे नेली म्हणे. पुढे पत्ता नाही.

आणि आज. आबांचे जुने कंडक्टर, ज्यांना ते अजून मास्तर म्हणतात, त्यांच्या मुलीचा दोंडाईचाला साखरपुडा आहे. मास्तरांनी आठ दिवस आधी फोन केला, "ड्रायव्हरसाहेब, सुपारी तुमच्या हातानं फुटली पाहिजे. दीड वाजता. बिफोर टाइम या, लेट मारू नका." आबा खूश. आईचे गुडघे दुखतायत म्हणून ती घरी राहिली. मी आणि आबा. आणि मी मनात ठरवलं होतं की आज हे करायचंच. हा त्यांचा रस्ता आहे. पारोळ्यापुढे रस्ता मोकळा आहे, तिथे त्यांना चालवायला द्यायची, आणि ते चालवतीलच. एकतीस वर्षांचा रस्ता माणसाला आत ओढून घेईल असं मला वाटलं. काय ना मी.

त्यात काल मी सावद्याला जाऊन आले होते आणि रात्रभर लाईट नव्हती. सकाळी बॅटरी अर्धीच. आबा म्हणाले, "अमळनेरवरून जवळ पडेल." मी म्हटलं, नाही, धुळ्यावरून जाऊ, तिकडे चार्जर आहे. तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे आपण गाडी म्हणेल त्या रस्त्यानं जायचं का?"

पारोळा गेलं. मी गाडी झाडाखाली थांबवली. "आबा, घ्या ना."

"चालव तू."

"थोडंसंच. कोणीच नाहीये रस्त्यावर."

"बेटा, चालव. सुपारीला उशीर होईल."

मी पुढे निघाले. आणि तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. मी जिथे जिथे वेग कमी करत होते, गावाचा स्पीडब्रेकर, ट्रक, बैलगाडी, तिथे तिथे त्यांचा डावा पाय त्यांच्या बाजूच्या मॅटवर दाबला जात होता. दरवेळी. माझ्या ब्रेकच्या थोडा आधीच. त्या मॅटवर टाचेच्या जागी चकाकी आलीय. सात महिने ते माझ्या शेजारी बसून अख्खी गाडी चालवत होते आणि मी गाणी बदलत होते.

धुळ्यात चार्जरपाशी आलो तर आधीच एक गाडी लागलेली. मालक जेवायला गेलेला. त्याची गाडी, मग माझी गाडी, मग पुढचा रस्ता. आबांनी घड्याळ न बघताच सांगितलं, "दोन-अडीच होतील." माझं तोंड बघून म्हणाले, "रडू नको. समोरून बारा वाजेची निघते, चिमठाण्यावरून. तू तुझ्या गाडीला जेवू घाल. मी लागतो पुढे."

"मी येते सोबत."

"आणि ही? हिला काय कुत्र्याच्या भरवशावर सोडणार?"

हायवे ओलांडून गेले. बस आली. हात केला त्यांनी, तळवा खाली, ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तसा. ड्रायव्हर माझ्याच वयाचा असेल. त्यानं थांबवली. आबा चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. खिडकीतून मला हात केला आणि लगेच मान पुढे वळवली.

आत्ता मी फोन केला होता त्यांना. बसचा खडखडाट इतका की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आणि त्यातून आबा ओरडून बोलत होते, सात महिन्यांत बोलले नाहीत इतकं. "चढ लागला ना इथं, हा भाऊ तिसऱ्यातच ओढतोय! मी म्हटलं त्याला, दुसरा टाक, दुसरा! आता बघ कशी बोलतेय! बठ्ठं, सगळं ऐकू येतंय!" मागून तो ड्रायव्हर हसत काहीतरी म्हणाला, बहुतेक "आबा, तुम्हीच या ना इकडं."

मला वाटलं हीच वेळ आहे. मी म्हटलं, "आबा, परत येताना आपली गाडी तुम्ही चालवाल ना?"

नुसता इंजिनाचा आवाज.

"आबा?"

"आवाज येत नाही बेटा," म्हणाले. "ठेवतो."

येत होता आवाज. मला त्यांच्या बाजूचं पोरगं खिडकी लावतंय ते पण ऐकू येत होतं.

एकोणीस मिनिटं राहिलीत. मी पोचेन तेव्हा सुपारी फुटलेली असेल. परतताना ते माझ्या डाव्या बाजूला बसतील आणि मी त्यांच्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवतेय. जुनी गाडी मिळत नाही, नवी चुकीची नाही, पायाला मी काही सांगू शकत नाही. मला खरंच कळत नाहीये काय करू.

तुमच्या घरात झालंय का असं? तुम्ही सगळ्यांच्या भल्याची म्हणून एखादी वस्तू आणली, आणि तिनं घरातल्या एकाच माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं? आणि ते माणूस परत त्या सीटवर बसलं का हो कधी? बसलं असेल तर कसं, तेवढं सांगा.