युसूफने मागितलेला अर्धा तास

लष्कराच्या ईएमई शाखेत मी सतरा वर्षं नोकरी केली. ईएमई म्हणजे पलटणीच्या गाड्या, तोफा, वायरलेस दुरुस्त करणारे. गोळ्या झाडणाऱ्यांच्या आठवणी लोक कान देऊन ऐकतात. आमच्या आठवणींना ग्रीसचा वास येतो, त्यामुळे फारसं कोणी विचारत नाही. तरी एक सांगायची राहिली आहे.

भूकंप झाला त्या वर्षी माझी पोस्टिंग सिकंदराबादला होती. एलएडी, म्हणजे पलटणीसोबत फिरणारं तीसेक माणसांचं छोटं वर्कशॉप. मराठवाड्यातले आम्ही दोघेच. मी देगलूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, व्हेइकल मेकॅनिक. दुसरा युसूफ, उदगीरचा, हुद्द्याने माझ्यासारखाच नायक, ऑटो इलेक्ट्रिशियन. आमच्या दोन गावांत तास-दीड तासाची एसटी. सगळ्यांना वाटायचं, हे दोघं म्हणजे भाऊ. आम्ही एका ताटात जेवत होतो हे खरं आहे. आणि तो माझ्या डोळ्यांत खुपत होता, हेही तितकंच खरं आहे.

त्याच्या घरी तीन पिढ्या मिस्त्रीकाम. मी पुस्तक वाचून, परीक्षा देऊन शिकलो. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि फॉल्ट सांगायचा. दहातल्या नऊ वेळा बरोबर. साहेबांची घरची स्कूटर बंद पडली तरी बोलावणं त्याला. इंजिनचा फॉल्ट माझा आणि करंटचा त्याचा, अशी कामाची वाटणी होती. पण माझ्या इंजिनातही तो कान घालायचा, आणि बरोबर निघायचा. वर पुन्हा साहेबांसमोर म्हणायचा, "माधवनंच आधी सांगितलं होतं, साहब." मी सांगितलेलं नसायचं. माझ्या पोटात दुखायचं ते यानेच जास्त. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या एलएडीत एक रिवाज होता. प्रत्येक गाडीच्या कार्डावर शेवटी एक रकाना असायचा: फॉल्ट कोणी ओळखला. ज्याने ओळखला त्याचं नाव, त्याची सही. बढतीच्या वेळी सुभेदार साहेब ती कार्डं काढून बसायचे. त्या साली हवालदाराची जागा एकच होती, आणि युसूफच्या सह्या माझ्यापेक्षा जास्त होत्या. मी त्या मोजल्या होत्या.

भूकंपाची बातमी आली आणि आम्हाला मूव्ह, म्हणजे निघायचा हुकूम, मिळाली. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर शाळेच्या मैदानात कॅम्प लागला. गावात काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. आमचं काम ठरलेलं होतं. ०५०० ला उठायचं. ०५३० ला फर्स्ट परेड, म्हणजे प्रत्येक गाडीचं तेल, पाणी, टायर, बॅटरी तपासायची. ०६३० पासून गाड्या बाहेर. जखमींना लातूरच्या दवाखान्यात न्यायला एक वन-टन ॲम्ब्युलन्स होती, पेट्रोल इंजिनची. ड्रायव्हर मुरुगन, तमिळ माणूस, बोलायला कमी.

चौथ्या दिवशी मुरुगन येऊन म्हणाला, "गाडी रास्ते में दो बार बंद. बीस मिनिट रुको, फिर चालू."

गाडी तापली की बंद, निवली की चालू. याची कारणं मुख्यतः दोन. एक, पेट्रोल पाइपातच उकळतं आणि इंजिनपर्यंत पोचत नाही. त्याला व्हेपर लॉक म्हणतात. हा माझा फॉल्ट. दोन, इग्निशन कॉइल. कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी पुरवणारा डबा. आतली बारीक तार कुठे तुटत आली असेल तर गार असताना टोकं टेकलेली राहतात आणि तापली की सुटतात. हा त्याचा फॉल्ट.

युसूफने वायरी सोडवून कॉइलला मीटर लावला. आतल्या दोन्ही तारांचं रीडिंग बरोबर आलं. कॉइलची जाड वायर काढून इंजिनच्या लोखंडापासून बोटभर दूर धरली, मुरुगनला स्टार्टर मारायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी पडली. मला आनंद झाला. लपवत नाही, झाला.

"कॉइल चांगली हाय," मी म्हणालो. "व्हेपर लॉक हाय हा."

"थंड कॉइल खोटं बोलती, माधव," तो म्हणाला. "अर्धा तास चालू ठेवू. बंद पडली की त्याच टायमाला ठिणगी बघू. ठिणगी असली तर तुझा फॉल्ट, नसली तर माझा."

इतकं सरळ होतं. आज माझ्या दुकानात कोणी नवा मेकॅनिक असं म्हणाला तर मी त्याची पाठ थोपटीन. पण तेव्हा सुभेदार साहेब मागे येऊन उभे होते, आणि मला दिसली ती फक्त त्याची आणखी एक सही.

मी पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधला. पंपावर ओलं गोणपाट गुंडाळलं. इंजिन दहा मिनिटं चालवलं. ते चाललं. दहा मिनिटांत चालणारच होतं.

"लई झालं तर अर्धा तास जाईल, साहब," युसूफ म्हणाला. "न्हाईतर स्पेअर कॉइल टाकू. पेटीत एक हाय."

पेटीची किल्ली माझ्याकडे होती. मी म्हणालो, "मीटरवर पास झालेला पार्ट बदलायचा नाही, असा नियम आहे. आणि अर्ध्या तासात माणूस मरतो."

शेवटचं वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. स्ट्रेचरवर एक बाई होती, पाय चेंगरलेला, आणि तिचा नवरा उभा राहून आमच्या तोंडाकडे बघत होता. माझं बोलणं सगळ्यांना पटलं. मला त्या बाईची काळजी होती असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे युसूफचं तोंड बंद करायला तिच्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं.

"माधव, गाडी फिट है?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"फिट है, साहब."

मी कार्डावर लिहिलं: व्हेपर लॉक. सही केली. युसूफने मागचा दरवाजा उघडला आणि नर्सिंग असिस्टंटशेजारी जाऊन बसला. सुभेदार साहेबांनी विचारलं, कुठे? तो म्हणाला, "साथ जाता हूँ, साहब. बंद पडली तर कोणीतरी पाहिजे." गाडी ०७४० ला निघाली. मी मनात म्हटलं, बघा, आता तिकडे जाऊन श्रेय घेणार.

०८२५ ला वायरलेसवर त्याचा आवाज आला. मी सेटजवळच होतो.

"बेस, ॲम्ब्युलन्स. गाडी बंद. ठिणगी नाही. फॉल्ट कॉइल, आय से अगेन, कॉइल. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्स, बेस. लोकेशन? ओव्हर."

त्याने गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "पेशंटचं रक्त थांबत नाही. कॉइलवर ओलं फडकं ठेवून चालू करतो. स्पेअर कॉइल भेजो. ओव्हर."

पेशंटचं रक्त जातं आहे असं वायरलेसवर ऐकतो आहे, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की तो 'कॉइल' दोनदा म्हणाला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून म्हणाला. वायरलेसवर महत्त्वाचा शब्द दोनदा म्हणतात, हे मीच नव्या पोरांना शिकवत असे.

सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "कॉइल लेके जा."

मी पेटी उघडली, कॉइल खिशात घातली आणि जीपने निघालो. चौदा किलोमीटर. रस्त्यावर मदतीचे ट्रक अडकले होते. पोचलो तेव्हा ०९१० झाले होते. ॲम्ब्युलन्स तिथे नव्हती. रस्त्याकडेला एका पडक्या घराशी दहा-बारा गावकरी दगड उचलत होते.

एक म्हातारा मला वर्दीत पाहून पुढे आला.

"तुमचाच माणूस हाय, साहेब. पैल्या खेपंला पाणी नेलं, गाडी चालू झाली. मंग म्हनला, वाटंला अजून लागंल. अजून एक डबा भरून आनतो. आमी म्हनलो, भितीला तडा गेलाय, जाऊ नका. म्हनला, हौद आतच हाय, आलोच."

"गाडी?"

"त्याला काढाया लागलो, तवर त्या बाईची शुद्ध गेली. डायवर रडत होता, पर गेला. जावंच लागलं."

मीही दगड उचलायला लागलो. त्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात जाड. युसूफ सापडला तेव्हा ०९५० झाले होते. जेरीकॅनचं झाकण घट्ट लावलेलं होतं. त्यातलं पाणी सांडलं नव्हतं.

दुपारी लातूरच्या दवाखान्यासमोर मी त्या गाडीची कॉइल बदलली. दोन बारीक वायरी, एक जाड वायर, एक क्लॅम्प. बारा मिनिटं लागली. ती बाई वाचली.

चौकशी झाली. मला विचारलं ते मी बरोबर सांगितलं. मीटरचं रीडिंग बरोबर, ठिणगी बरोबर, गाडी दहा मिनिटं चालवून पाहिली. एकही शब्द खोटा नव्हता. त्याने अर्धा तास मागितला होता हे मात्र मला कोणी विचारलं नाही, आणि सुभेदार साहेबांनी तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी मी हवालदार झालो. जागा एकच होती.

तुम्हाला वाटेल, हेवा तिथे संपला असेल. मेलेल्या माणसाचा कोण हेवा करतो? मी केला. दरवर्षी पलटणीत त्याचं नाव घ्यायचे तेव्हा केला. पेन्शनवर आल्यावर लातुरात, क्लासेसच्या भागात, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. माझा अविनाश तिथेच एका क्लासला होता, डॉक्टर व्हायचं म्हणून. निकाल लागला आणि चौकात क्लासचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर नसीम नावाच्या मुलीचा फोटो होता. नावात युसूफ, गाव उदगीर. अविनाशचा फोटो नव्हता. रस्त्यात उभा राहून मी जळलो. बापाने माझ्यावर मात केली होती, आता लेक करते आहे. तिला भेटायला मात्र गेलो नाही.

नंतर काही वर्षांनी, एका सकाळी, तीच दुकानात आली. डॉक्टर झालेली. जुनी पेट्रोल कार घेऊन.

"माधवकाका ना? अम्मीनं सांगितलं, अब्बांसोबतचे काका इथं असतात म्हणून. गाडी तापली की बंद पडून राहिली. नांदेडला एकानं पेट्रोल पंप बदलला, तरी तेच."

मी मीटर लावला. कॉइलचं रीडिंग बरोबर होतं. ठिणगी कडक होती.

"म्हणजे चांगली आहे?" ती म्हणाली.

"अर्धा तास बसा," मी म्हणालो.

इंजिन चालू ठेवलं. स्टूल दिलं, चहा सांगितला. आणि त्या अर्ध्या तासात तिला सगळं सांगितलं. किल्ली, कार्ड, स्ट्रेचरवरची बाई, काही सोडलं नाही. तिचा चहा तसाच राहिला. चौतिसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. मी वायर धरली, स्टार्टर मारला. ठिणगी नव्हती. कॉइल बदलली. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "हे अम्मीला तुम्हीच येऊन सांगा. मी न्हाई सांगणार."

रविवारी उदगीरला गेलो. युसूफच्या बायकोला मी भाभी म्हणालो, आणि पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "सुट्टीवर आले की तुमचंच चालायचं त्यांचं. माधव असं शिकला, माधवला पुस्तकातलं समदं येतं, मला न्हाई येत. दोन महिन्यांची सुट्टी, अन् त्यातबी माधवच. मला लई हेवा वाटायचा तुमचा."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. निघताना म्हणाल्या, "कब्रस्तान वेशीकडं हाय. जाऊन या." मी जाऊन आलो.

लष्करातला रिवाज मी दुकानातही ठेवला आहे. प्रत्येक गाडीचं कार्ड असतं आणि शेवटचा रकाना तोच. नसीमच्या गाडीचं कार्ड खिळ्याला तसंच लटकत होतं. सोमवारी सकाळी दुकान उघडलं, ते खाली काढलं आणि भरलं. फॉल्ट: इग्निशन कॉइल, तापल्यावर बंद. कोणी ओळखला: नायक युसूफ, ऑटो इलेक्ट्रिशियन. सहीची जागा मोकळी सोडली.