प्रार्थनेतलं अहो

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा प्रार्थना म्हणजे रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकांनी करायची आणि आपण शेवटी आमेन म्हणायचं, एवढीच माझी समजूत होती. सासरी पाहते तो रोज दिवेलागणीला सतरंजी पडायची. माझे सासरे, मामंजी, बडोद्याच्या महाराजांच्या घोडदळातून निवृत्त झालेले. ते "चला, हजर व्हा!" म्हणून आवाज देत, की आम्ही चौघं डोळे मिटून बसायचो. मामंजी, सासूबाई, नवरा आणि शेवटी मी. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची.

आणि शब्द तरी कसले! सासूबाई म्हणत, "बापा, काल तुपाचा डबा ज्यांनी उघडा ठेवला त्यांना क्षमा कर, आणि झाकण लावायची बुद्धी दे." मामंजी तिथल्या तिथे, "बापा, वरणात मीठ घालायची आठवण या घरात राहू दे." मी तोंडात पदर कोंबून बसे. देवाशी असलं घरगुती बोलायचं, हे मला आधी पटलंच नाही. पुढे पटलं. ज्याच्याशी रोज बोलायचं त्याच्याशी माणूस रोजचंच बोलणार.

माझी वेळ आली की मात्र माझी दातखीळ बसायची. "अगं, बोल ने, त्यात गभरायचं काय?" सासूबाई म्हणत. बडोद्यात जन्म गेल्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती अशी मधेच डोकावायची.

एका संध्याकाळी मी धीर केला. देवाला तू म्हणतात हे चांगलं ठाऊक होतं, पण सासरी आल्यापासून अहोजाहो करून जिभेला तेच वळण लागलेलं. तोंडातून निघालं, "अहो..."

"काय गं?" डोळे मिटूनच नवरा म्हणाला.

वडीलधाऱ्यांसमोर तो माझ्याशी चकार शब्द बोलत नसे! सासूबाईंना हसू आवरेना, मामंजीही मिशीत हसले. त्या गडबडीत माझी भीड चेपली आणि मनातलं बाहेर पडलं. "मला शिक्षिकांच्या वर्गात जायचंय. मला शिकवायचंय." हे देवाला सांगितलं की नवऱ्याला, ते मला आजही सांगता येणार नाही.

हसणं थांबलं. मामंजींचं आमेन रोज सर्वांत मोठं. त्या दिवशी ते आलंच नाही. मुलींना शिकवा असं महाराज सांगत होते आणि मामंजींना महाराजांचा केवढा अभिमान! पण घरची सून पुस्तकं घेऊन रस्त्यानं चाललीय, हे काही त्यांच्या पचनी पडेना. नवऱ्यानं वर्गात माझं नाव घालून ठेवलं, पण वडिलांना डावलून मला पाठवायची त्याची छाती नव्हती.

मी काही गरीब गाय नव्हते. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर बसायचंच नाही असं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "रुसायचं तर स्वयंपाकघरात रुस. इथे नाही." बसले. मग रोज तेच मागत राहिले, आता 'तू' म्हणून, अगदी ठणकावून. नवरा आमेन म्हणे, सासूबाई म्हणत. मामंजी नुसते खाकरत. पण रोज शेजारी बसून त्यांची गुडघेदुखी आणि लष्करातल्या जुन्या सोबत्यांची काळजी ऐकता ऐकता माझा राग विरत चालला. मला तो टिकवायचा होता, तरीसुद्धा.

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळीच मामंजींनी स्वतःच्या हातानं सतरंजी अंथरली. आम्ही काही न विचारता बसलो. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला.

"बापा, लोक हसतील ही भीती माझी आहे, पोरीची नाही. ती माझ्या मनातून काढ. आणि जरा लवकर काढ, तिला वर्गाला उशीर होतोय."