मास्तरांचे तपकिरी बूट

बाकासमोर कुणाची चप्पल उलटी पडलेली दिसली की मास्तर आधी वाकून ती सुलटी करायचे आणि मगच बोलायला लागायचे. माझ्या दुकानात उलट्या चपलांना काय तोटा? गिऱ्हाईक बाकावर टेकलं की जुनी चप्पल पायानंच भिरकावतं. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, ही आपल्याकडची समजूत. मी म्हणायचो, मास्तर, हे घर नाही, दुकान आहे. ते म्हणायचे, "भांडण दुकानातबी होतंयच की." मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघून, "घाई काय नाही मालक, फक्त उशीर झालाय."

नव्या पेठेत माझं चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मास्तर गिऱ्हाईक म्हणून वर्षातून एकदा-दोनदाच यायचे, पण त्यांची सायकल रोज दुकानावरून जायची. घरोघरी जाऊन ते गणित शिकवत. क्लासेसच्या जमान्यात असा मास्तर कोण बोलावतं, असं तुम्हाला वाटेल. पण क्लासवाल्यांनी ज्या पोरांचा नाद सोडलेला असायचा, त्यांच्या आया मास्तरांना शोधत यायच्या. पोराला गणित कळेपर्यंत हा माणूस उठायचा नाही, त्यामुळे पुढच्या घरी उशीर, त्याच्या पुढच्या घरी आणखी उशीर. दिवसभर असा मागे पडत पडत ते संध्याकाळी घरी पोचायचे.

तुम्ही माणसाचा चेहरा बघत असाल, आम्ही धंदेवाले तळ बघतो. एका उन्हाळ्यात मास्तर बाकावर बसले, सँडल काढले आणि माझी नजर सवयीनं खाली गेली. उजवा सँडल सरळ झिजलेला. डाव्याचा पुढचा भाग घासून पार पातळ झालेला आणि टाच मात्र कोरी करकरीत. एक पाय फरपटतोय, हे मला न सांगता कळलं. मी तोंड आवरायला हवं होतं, पण विचारून बसलो, डावा पाय उचलत नाही का म्हणून.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग मोबाइल काढून मला एका बुटाचं चित्र दाखवलं. हे सायकलस्वारांचे खास बूट. तळाला एक लहानशी लोखंडी खुंटी बसवलेली असते, ती जोडीच्या खास पेडलमध्ये खट्‌कन अडकते आणि पाय तिथंच राहतो. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. ह्यांना म्हणतात क्लिपलेस, आणि सगळा कारभार क्लिपचाच. मी म्हटलं, मास्तर, ह्या वयात शर्यतीला उतरताय का?

ते हसले नाहीत. पायाची नस मरत चाललीय, डॉक्टरांनी पुढं काय काय होणार तेही सांगितलंय, पण घरी मी कमरेत उसण भरली म्हणून सांगितलंय, असं ते हळू आवाजात बोलले. "चालताना मी लंगडतो मालक. सायकलवर नाही लंगडत. पण डावा पाय पेडलवरनं घसरतो आणि घसरल्याचं मला कळतच नाही. हा बूट धरून ठेवील म्हणे. दिसायला साधा पायजे, बास."

घरी कळलं तर सायकल त्याच दिवशी बंद होणार, हे उघड होतं. आणि सायकल गेली की शिकवण्या गेल्या. मला त्या क्षणी त्यांच्या बायकोची आठवण झाली नाही, हे कबूल करतो. मला फक्त चांगला बूट शोधायचा होता. धंदेवाल्याची खोड, दुसरं काय.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला फोन करकरून मी तीन जोड मागवले, तसल्या पेडलांसकट. पहिल्यावर चकाकणारे पट्टे होते. मास्तर म्हणाले, हे घालून दारात उभा राहिलो तर पोरं गणित सोडून माझे पायच बघतील. दुसऱ्याची लोखंडी खुंटी तळाबाहेर आलेली, फरशीवर टक्‌टक् वाजायची. तिसरा मात्र झकास. तपकिरी, कापडी, कुणीही रविवारी घालून फिरावा असा, आणि खुंटी तळाच्या खाचेत बेमालूम लपलेली. तळ ताठ होता, पण चार पावलं टाकता येत होती. उलट त्या ताठपणानं पाऊल खाली लोंबायचं जरा थांबलं, हे आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं. मास्तर दुकानात दोनदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यात दोन प्रकार होते, एक नाडीचा आणि एक पट्ट्याचा. मी पट्ट्याचा घ्या म्हणून मागे लागलो. शिकवणीच्या प्रत्येक दारात बूट काढायचा, पुन्हा घालायचा, पट्टा एका ओढीत सुटतो. ते म्हणाले, पट्ट्याचा बूट खेळाडूचा वाटतो, मास्तराला नाडीच शोभते. मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

दुपारी पेठ ओस पडते तेव्हा दुकानामागच्या बोळात आमची तालीम चालायची. मी व्हिडिओ बघून बघून शिकवायचो. टाच बाहेर, खट्, पाय मोकळा. डाव्याला जमेना, मग मी पेडलचा स्प्रिंग होता होईल तेवढा ढिला केला. आठवडाभरात जमायला लागलं. पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. चक्कर मारून मास्तर थाटात आले आणि आपल्याकडची मोठी माणसं उतरतात तसे उतरायला गेले, म्हणजे डावा पाय पेडलवर ठेवून उजवी टांग मागून फिरवत. उजवा पाय जमिनीवर आला, डावा पेडललाच. सायकलीसकट माझ्या अंगावर आले. मी त्यांना मिठीत धरलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. व्हिडिओतली माणसं सीटवर बसूनच पाय टेकतात. तशी टांग टाकून कुणी उतरत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. मास्तरांनीही मग बसूनच पाय टेकायची सवय लावून घेतली.

आठ महिने त्या बुटांनी काढले. दुकानावरून जाताना ते घंटी वाजवायचे आणि मी मान वर करायचो.

मधेच कधीतरी त्यांची बायको चप्पल घ्यायला आली. माढ्याकडची बाई, सरळ बोलणारी. पैसे देता देता तिनं विचारलं, "भाऊ, ह्यांचा पाय दुकतोय का वो? रातचं दाबत बसत्यात. मला काय सांगत न्हाईत." मी म्हटलं, नवे बूट आहेत, चावत असतील. ती म्हणाली, "आसंल." मला वाटलं होतं मी मास्तरांचा मान राखला. ती पायऱ्या उतरून गेल्यावर मात्र कुठल्याच गिऱ्हाइकाशी मला धड बोलता येईना.

मग तो दिवस आला. पार्क चौकाच्या अलीकडे मास्तरांना त्यांचे हेडमास्तर दिसले. शाळेतले, आता नव्वदीला टेकलेले, नातवाच्या हाताला धरून रस्त्याकडेला उभे. गुरुजी समोर दिसले की सायकलवरून उतरायचं, बसून नमस्कार करायचा नाही, असं ह्या पिढीच्या हाडात मुरलेलं. मास्तरांनी विचारही केला नसणार. पाचवीतला पोरगा उतरायचा तसेच ते टांग टाकून उतरले.

माझ्या ओळखीचा एक फुलवाला तिथं होता, त्यानं सगळं सांगितलं. मास्तर सायकलीसकट कमरेवर आपटले. लोक धावले, त्यांना उचलू लागले, पण पाय पेडल सोडेना. टाच वळवायची हे कुणाला ठाऊक? चार जणांनी चार बाजूंनी ओढलं. नाडीला दोन गाठी मारलेल्या. शेवटी फुलवाल्यानं कात्रीनं नाडी कापली आणि पाय बुटातून ओढून काढला. हेडमास्तर नातवाला विचारत होते, कोण पडलं रे. त्यांनी ओळखलंच नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पाय तपासला तसं घरात सगळं उघड झालं. त्यानंतर मास्तर उठले नाहीत. मी दोनदा भेटायला गेलो. पहिल्यांदा त्यांनी एका पोराच्या परीक्षेची चौकशी करायला सांगितली. दुसऱ्यांदा माझा हात धरला आणि म्हणाले, "बुटाला बोल लावू नका मालक. आठ महिने मला कुणी लंगडा म्हणलं नाही." मी बाहेर येऊन त्यांच्या गल्लीतच रडलो. मग काही महिन्यांनी छातीत कफ भरला आणि पावसाळ्याच्या शेवटी ते गेले.

तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांची बायको दिराबरोबर दुकानात आली. दानात द्यायला पुरुषाच्या चपला हव्या होत्या. नंबर तिनं सांगितला नाही, मीही विचारला नाही. माळ्यावरून मी दुकानातली सगळ्यात चांगली जोडी काढली, कातडी, मागून बक्कल असलेली, आणि तिच्या हातात देता देता बोलून टाकलं की वहिनी, मला पायाचं सगळं माहीत होतं, तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं.

ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती चप्पल हातात घेऊन उभी राहिली आणि बक्कल एकदा लावून, एकदा काढून बघत राहिली. दीर म्हणाला, वहिनी, चांगल्या हायत की, घ्या ह्याच. तिनं मान हलवली आणि जोडी माझ्यापुढं ठेवली.

"ह्या नगो भाऊ," ती म्हणाली. "पायातनं लगीच निगत्याल आशा द्या."