डाव्या चाकावरची कड

ती घटना आठवली की आजही माझी मान थोडी ताठ होते. माझ्या सेवापुस्तकात तिची नोंद नाही. पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि जपानमधल्या इचिकावाला मुलीकडे राहायला गेलो, तेव्हाची ही गोष्ट. त्या गुन्ह्यात पहिला संशय माझ्याच मुलीवर आला होता.

मुलगी पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर. जावयाला आयटीचं कंत्राट मिळालं म्हणून तीही जपानला गेली. दोन वर्षं घरी बसली, भाषा शिकली आणि मग स्टेशनजवळच्या एका टायरच्या दुकानात लागली. सुरुवातीला अर्धवेळ, नंतर पूर्णवेळ. दुकानात तिला आडनावापुढे आदराचं ‘सान’ लावून हाक मारत, पण अवघड काम आलं की थोरल्या मिस्त्रीकडेच जायचं.

एक दिवस एक निवृत्त सुतार आपली जुनी अमेरिकन मसल कार घेऊन आले. निळ्या रंगाची, लांब नाकाची, दांडग्या इंजिनाची. त्यांना मागे जास्त रुंद टायर हवे होते, पण चाकं मात्र कंपनीचीच राहिली पाहिजेत, असा हट्ट. थोरल्या मिस्त्रीने हात जोडले. मुलीने काम अंगावर घेतलं.

तिने मला ते घरी समजावून सांगितलं होतं. रिमची रुंदी ठरलेली असते. तिच्यावर फार रुंद टायर चढवला तर बाजू फुगतात, मधला भाग वर येतो आणि रस्त्याला टेकणारी पट्टी मनासारखी वाढतच नाही. शिवाय टायर आतून पाटा स्प्रिंगला आणि बाहेरून मडगार्डच्या कडेला घासतो. बाहेर डोकावला तर तिथल्या तपासणीत गाडी नापास. सुतारबाबांच्या आग्रहाखातर तिने आधी दोन मापं मोठा टायर लावून पाहिला. गाडीत वजन ठेवल्याबरोबर डावीकडे तो आतल्या पत्र्याला घासला. मग तिने एकच माप मोठा टायर निवडला. तरी डावीकडे जागा कमी पडत होती, कारण जुन्या गाडीच्या दोन्ही बाजू कधी सारख्या नसतात. तिने डाव्या मडगार्डची आतली कड हाताने, हळूहळू, वर दुमडली. उजवीकडे हातसुद्धा लावला नाही. दोन्ही टायर नीट बसले. सुतारबाबा दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जागेवर नव्हती. शटर शाबूत, कुलूप शाबूत, कपाटातली गाडीची चावी गायब. दुकानाच्या किल्ल्या तिघांकडे: मालक, थोरला मिस्त्री आणि माझी मुलगी. आदल्या संध्याकाळी दुकान तिनेच बंद केलं होतं.

पोलीस आले, जबाब घेतले, कोणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. पण मालकाने तिला काही दिवस घरी थांबायला सांगितलं. याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो. परक्या देशात नावावर असा डाग घेऊन दुसरं काम कोण देणार?

त्या दुपारी मी तिला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं.

"बाबा, तुम्ही मला विचारताय की संशयिताला?"

"संशयिताला. बापाला तू बरं वाटेल तेच सांगशील."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "विचारा."

मी दोन तास विचारत होतो. तेच प्रश्न उलटसुलट, मागून पुढे. रचलेली हकीकत दर वेळी सारखी येते, असा माझा अनुभव आहे. खरं बोलणारा मध्येच थांबतो आणि आधीचं स्वतःच दुरुस्त करतो. ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिला आठवलं, की महिन्यापूर्वी शटरचं कुलूप अडकत होतं आणि बाहेरचा एक माणूस ते दुरुस्त करून गेला. किल्ली दिवसभर त्याच्याकडे होती.

"हे जबाबात का नाही सांगितलंस?"

"त्यांनी आदल्या दिवसाचं विचारलं. मी आदल्या दिवसाचंच सांगितलं."

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला. तिने तो घेतला, पण त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. मला ते लागलं. तरी ते दोन तास मी पुन्हा तसेच काढीन.

कुलूपवाल्याची माहिती आम्ही पोलिसांना दिली. पण निव्वळ माहितीने गाडी सापडत नाही. चार दिवसांनी खबर आली, तीही मराठीतून. जवळच्याच निशी-कसाई भागात राहणारी मुलीची एक मैत्रीण जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका आवारात कागदपत्रं पाहायची. मुलीने कौतुकाने दाखवलेला त्या गाडीचा फोटो तिच्या लक्षात होता. ती फोनवर म्हणाली, "शेप सेम आहे गं, पण कलर रेड आहे. मागची व्हील्सही वेगळी आहेत. सोमवारी कंटेनरमध्ये जाणार. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका, प्लीज."

खबऱ्याचं नाव मी चौतीस वर्षांत कधी सांगितलं नाही. इथेही सांगितलं नाही.

जावई दुभाषा झाला आणि आम्ही ठाण्यात गेलो. तपास करणारे अधिकारी पन्नाशीचे, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, निर्यातीच्या नोंदी तपासल्या आणि म्हणाले, "आवाराच्या कागदांवर त्या लाल गाडीची नोंद आहे. सांगाड्याचा नंबर कागदांशी जुळतो. रंग वेगळा, चाकं वेगळी. ती हीच गाडी, हे मी कशावरून म्हणू?"

मुलगी म्हणाली, "डाव्या मागच्या चाकावरची कड बघा."

मी तिला तिथेच थांबवलं. "तोंडाने सांगू नकोस. लिहून दे."

पंचनाम्यात मी एक गोष्ट नेहमी पाळली. काय सापडणार हे आधी कागदावर आलं, तर नंतर कोणी म्हणू शकत नाही की पाहून सांगितलं. मुलीने लिहिलं: डावी कड कुठून कुठपर्यंत दुमडली आहे, किती मिलिमीटर, मध्ये एका ठिकाणी पत्रा जाड होता म्हणून दुमड कमी बसली आहे, आतल्या पत्र्यावर मोठ्या टायरची घासण कमानीसारखी किती उंचीवर आहे, उजवी बाजू कोरी. सगळी मापं तिच्या वहीत होती. कागद पाकिटात घातला, पाकीट बंद करून त्यावर तिने सही केली. अधिकाऱ्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

शनिवारी ते दोन सहकारी घेऊन आवारात तपासणीला गेले. मी मुलीला आत जाऊ दिलं नाही. आम्ही तिघं फाटकाबाहेर फुटपाथवर उभे होतो. मुलगी सारखी नखं पाहत होती. जावई म्हणाला, "बाबा, त्यांनी वरून पुट्टी भरून पेंट मारला असेल तर?"

"कड आतून दुमडली आहे," तीच उत्तरली. "तिथे कोणी वाकून बघत नाही."

पाऊण तासाने अधिकारी बाहेर आले. गुडघ्यांना माती, एका बाहीला वंगण. त्यांनी गाडीखाली आडवं होऊन आधी स्वतः मापं घेतली होती, सहकाऱ्यांना लिहून दिली होती आणि मगच पाकीट फोडलं होतं. सगळी मापं जुळली. जिथे दुमड कमी बसली होती, ती जागासुद्धा.

पुढचं झपाट्याने झालं. आवाराच्या व्यवस्थापकासमोर ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याने फार वेळ तग धरला नाही. सांगाड्याच्या नंबराची पट्टी दुसऱ्या मोडक्या गाडीवरून काढून बसवली होती. गाडी आणून देणारा तोच कुलूपवाला निघाला. त्याने दुकानाची जादा किल्ली करून ठेवली होती. कंपनीची मूळ चाकं, मुलीने बसवलेल्या टायरसकट, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडली.

मंगळवारी दुकानाच्या मालकाने मुलीसमोर कमरेत वाकून माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको. पुढचं अवघड काम आधी मला दाखवा." थोरला मिस्त्री शेजारीच होता. तो हसला आणि त्याने मान डोलावली. सुतारबाबांनी ती लाल गाडी तशीच दुकानात आणली आणि सांगितलं, "चाकं पुन्हा हिनेच बसवायची."

मी सगळी नोकरी माणसांचे चेहरे वाचत काढली. कोण घाम पुसतो, कोण नजर चुकवतो. त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण मुलगी निर्दोष आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि माझं कळणं कोणत्याही ठाण्यात चाललं नसतं. चाललं ते तिचं काम. कोणी पाहणार नाही अशा जागी तिने मोजून हात चालवला होता आणि वहीत लिहून ठेवलं होतं. जो माणूस न दिसणारी बाजू नीट करतो, त्याचा साक्षीदार त्याने स्वतःच तयार करून ठेवलेला असतो, हे मला त्या गाडीने शिकवलं.

त्या शनिवारी फाटकाबाहेर अधिकारी आदराने वाकले, ते माझ्यापुढे नाही, मुलीपुढे. मी एक पाऊल मागे उभा होतो. इतक्या वर्षांत कोणत्याही पंचनाम्याला मी मागे उभा राहिलो नव्हतो. तिथे उभं राहणं मला फार आवडलं.