बोलतं ठेवणाऱ्या नलूताई

दात काढण्याआधी पेशंटला बडबड करायला लावणारी दुसरी डॉक्टरीण मी पाहिलेली नाही. लोणखेड्याच्या नलूताई हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन देत, सुई ठेवत आणि स्टूल ओढून समोर बसत. "बोल भाऊ, मुका बसू नको." बाहेर ताटकळणारं कुणी कुरकुरलं, की आतून आवाज येई, "सुई मन्ही शे, जीव तुन्हा शे. बस जरासा!" मी जन्माचा बडबड्या, मला मात्र हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, आता दात काढू द्या."

त्या बडबडीत त्या काय ऐकतात, हे आईमुळे कळलं.

आईची दाढ सुजली, म्हणून ब्राह्मणपुरीहून तिला घेऊन गेलो. काडीसारखी बाई. "मावशी, आज आणखी कोठे सुई लिधी का?" नलूताईंनी विचारलं.

"नही वं माय."

इंजेक्शन झालं. आई आमच्या म्हशीचे पराक्रम रंगवून सांगू लागली आणि मधेच तिची जीभ जड झाली. "कानमा घंटी वाजी ऱ्हायनी..."

नलूताईंनी खुर्ची आडवी केली, ऑक्सिजन लावला, मला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावलं. "मावशी, खरं सांग. सकाय कोणी सुई मारी?"

आईनं डोळे मिटून जावयाच्या भावाचं नाव घेतलं. तोही दातांचा डॉक्टर. त्याच्या सुईनं सुजलेली दाढ बधिर झाली नव्हती, म्हणून त्यानं गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. आमच्याकडे एका डॉक्टरकडून उठून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे पहिल्याचा अपमान. त्यात हा लेकीच्या सासरचा! दोन डोस त्या एवढ्याशा देहात एकत्र आले. बधिर करणारं हेच गुणी औषध रक्तात जास्त झालं, की कानात घुमतं, झटके येतात, हृदयही थांबतं. झटके आलेच. नलूताई दवाखाना उघडा टाकून तिच्यासोबत गाडीत बसल्या. आई वाचली.

गेल्या उन्हाळ्यात नलूताई अचानक गेल्या. आम्ही सांत्वनाला दारावर गेलो, तर अंगणात जावयाचा तो डॉक्टर भाऊही बसलेला. आईनं काही बोलू नये म्हणून मी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला.

"भाऊ, त्या दिन मी तुन्हाकडे सुई लिसन आठे उनथू. तुले वाईट वाटी, म्हनीसन नलूताईले खोटं सांगं. हिनी मन्हा जीव वाचाडा."



"वाईट तर वाटलंच असतं, आक्का," तो म्हणाला. मग उठला आणि खाली वाकून त्यानं आईचे पाय धरले. लेकीच्या सासरच्या माणसानं आमच्या पाया पडावं, असं आमच्यात होत नाही.