गुरुवारचा डाग

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चहा अर्धा झाला की हळूच विचारतो, "ते हास्यसम्राट म्हणे तुमच्या घरचेच?"

हास्यसम्राट ही पदवी वर्तमानपत्रांनी दिलेली. आमच्या घरात त्याचं नाव काडी. अंगाने तसाच होता, म्हणून. आणि घरचा म्हणाल तर तसा नव्हता. पण कुठल्याही वेळी आला तरी त्याला जेवायला वाढायचं हे ठरलेलं होतं. विचारणाऱ्याला काडीचे किस्से हवे असतात. मी मात्र सांगायला लागते ते माझ्या वन्संचं. माणसं जरा हिरमुसतात, पण माझा इलाज नाही. काडीचं पुढे जे काही झालं, ते वन्संच्या टेबलाशी उभं राहूनच झालं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. उंच, ताठ, आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीसुद्धा आपोआप पदर नाहीतर वेणी सावरायची. शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, बसल्याच नाहीत. आठवडाभरात माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीत उभे राहिले. मला मीठ सापडेना. त्यांना काहीतरी काम मिळू दे असं मी अगदी मनापासून म्हणत होते. त्यात माझाही स्वार्थ होता, नाही कशाला म्हणू?

काम आलं ते रस्त्याच्या टोकावरून. तिथे टायरचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर केबलवाल्याचं ऑफिस. त्या केबलवाल्या मालकांनी आपल्या भागापुरतं स्वतःचं चॅनेल काढलं होतं. जुने सिनेमे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाणी कधी येणार नाही त्याची सूचना, असा सगळा कारभार. बायकांसाठी काहीतरी हवं म्हणून मालक डोकं खाजवत होते. त्यांची बायको वन्संची विद्यार्थिनी. तिने नाव सुचवलं. अशा रीतीने दर गुरुवारी संध्याकाळी 'डाग आणि उपाय' सुरू झाला. टेप वाचवायची म्हणून कार्यक्रम थेट दाखवायचे. चुकलं तर चुकलं.

हे तेव्हा म्हणाले, "ताई, आयुष्यभर कमावलेली अब्रू आता टीव्हीवर धुणार तू?"

"अब्रू नाही रे, टेबलक्लॉथ," वन्सं म्हणाल्या. "अब्रूला एवढा वेळ देत नाहीत ते."

पहिल्या गुरुवारी मी त्यांच्यासोबत गेले होते. खालच्या दुकानाची ठोकाठोक ऐकू येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. एक कॅमेरा, दोन मोठे दिवे. त्या दिव्यांखाली पाच मिनिटं उभं राहिलं की डोक्यावर पापड भाजून निघेल अशी धग. मध्ये टेबल, टेबलावर घमेलं. वन्संनी पहिली गोष्ट केली ती ही की, टेबलाचा हलणारा पाय बघितला आणि खाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग म्हणाल्या, "हं. आता करा तुमचा कॅमेरा सुरू."

काडी त्या ऑफिसात फोनवर बसायचा. चित्र गेलं की लोक फोन करून शिव्या घालायचे. त्या ऐकून घेणं हे त्याचं काम. पण तो नुसत्या ऐकून घेईना. "काकू, नायिका विहिरीत पडली की नाही ते मलाही कळलं नाही हो. वायर तुटली तेव्हा ती काठावर होती. तुम्ही जेवून घ्या, ती कुठे जात नाही." काही जण म्हणे चित्र नीट दिसत असतानासुद्धा फोन करायचे. मालकांना यात फक्त आगाऊपणा दिसायचा.

डाग पडलेलं कापड कॅमेऱ्यासमोर ताणून धरायला माणूस लागत होता. आधी एक स्टँड आणला होता, तो पंख्याच्या वाऱ्याने मान हलवायचा. मग काडीला उभं केलं. वन्संनी त्याला सांगितलं, "दोन्ही हातांनी धरायचं. छातीच्या उंचीवर. कापड हललं तर बघ." तेवढंच. हात अडकलेले, त्यामुळे त्याला जे काही करायचं ते भुवयांनी आणि मानेने करावं लागलं. वन्सं म्हणायच्या, "चहाचा डाग ताजा असेल तर लगेच पाण्यात घाला." की हा कॅमेऱ्याकडे असा बघणार, जणू आजवर केलेला प्रत्येक उशीर त्याला आठवला. आज मोठमोठ्या रंगमंचांवर तो हात न हलवता तासभर हसवतो, आणि जाणकार त्यावर लेख लिहितात. मी ते लेख वाचते आणि वन्संना दाखवते. वन्सं म्हणतात, "मग? कापड हललं असतं ना!"

वन्संना तो विनोदी वाटायचाच नाही. खरंच नाही. त्यांना वाटायचं, पोराला चेहऱ्याची काहीतरी सवय आहे बिचाऱ्याला. त्यांचं सगळं लक्ष डागाकडे. मुरलेला डाग सुटायला लागला की त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा, तो मी दुसऱ्या कशानेही आलेला पाहिलेला नाही. घरात आमचा आठवडा गुरुवारपासून मोजला जाऊ लागला. शुक्रवारी पुढचा डाग ठरायचा, रविवारी माझ्या जुन्या चादरीतून चौकोन कापले जायचे, मी त्यांच्या कडा दुमडून शिवण घालायची. डबे जिथल्या तिथे राहू लागले. मला मीठ सापडू लागलं.

वर्ष उलटलं आणि एक दिवस मालक घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, तेव्हाच मला शंका आली.

"बाई, कार्यक्रमाला जाहिरात नाही. त्या वेळात सिनेमाची गाणी लावली तर तीन दुकानदार तयार आहेत."

 वन्संनी मांडीवरच्या कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पण एक मार्ग आहे," मालक घाईने म्हणाले. "एक धुण्याच्या पावडरीवाले आहेत. या गुरुवारी येऊन स्वतः बघणार. त्यांच्या पावडरीने शाईचा डाग निघाला, की वर्षभराची जाहिरात. नाही निघाला तर..." पुढचं वाक्य त्यांनी माझ्या चहात बुडवलं.

वन्संनी त्या पावडरीचं पाकीट घरी आणून तीनदा करून पाहिलं. शाळेच्या दौतीतली निळी शाई, माझा चादरीचा चौकोन. घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून मी त्याला निळ्या दोऱ्याने शिवण घातली होती. डाग तिन्ही वेळा निघाला. "पावडर बरी आहे," वन्सं म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून म्हणजे पदकच. गुरुवारी निघताना त्यांनी आरशात दोनदा पाहिलं. एरवी एकदाच पाहायच्या.

मी घरी टीव्हीसमोर. हेसुद्धा ऑफिसातून लवकर आले, आणि उगीचच वर्तमानपत्र उघडून बसले.

आता तिकडे काय झालं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. दुपारी मालकांनी कॅमेऱ्यात शाई बघितली तर ती फिकट दिसली. डाग कसा उठून दिसायला हवा! म्हणून त्यांनी ती ओतून दिली आणि बाटलीत रबरी शिक्क्याची शाई भरली. मग काडी म्हणाला, "मालक, ही शाई सरकारी कागदावर जन्मभर टिकते. बाईंच्या कापडावरून निघेल होय?" तेव्हा मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी शाई आणायला वेळ नव्हता. पावडरीवाले जिना चढत होते. मालकांनी दुकानातून एक कोरं पांढरं कापड आणवलं आणि काडीला दम दिला. कॅमेरा आणि बाई दोघंही पावडरीच्या पाकिटाकडे वळले की घमेल्यातलं कापड बदलायचं. बाईंना कळता कामा नये, आणि कळलं तर फोनवरची नोकरीही गेली समज.

आम्हाला दिसलं ते एवढंच. वन्संनी डाग पाडला. चांगला काळानिळा उठला. पावडरीच्या पाण्यात चोळला. पाकीट दिसलं, बराच वेळ दिसत राहिलं. परत वन्सं दिसल्या. त्यांनी घमेल्यातून कापड वर काढलं. पांढरंशुभ्र. मी टाळी वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. कापडाला शिवण नव्हती.

वन्संनी कापड उलटं केलं. सुलटं केलं. कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे माझं नाही."

काडी घमेल्याकडे बघत म्हणाला, "तेच आहे बाई. गोरं झालंय, म्हणून ओळख पटत नसेल."

"माझ्या कापडाला निळ्या दोऱ्याची शिवण आहे."

"शिवणही निघाली असेल. पावडर फार जोरदार आहे."

वन्सं त्याच्याकडे वळल्या. तो वर्गात कॉपी पकडायचा चेहरा. "तुझ्या खिशाला काय झालंय?"

काडीच्या शर्टाच्या खिशाभोवती निळा ढग पसरत होता. तो खाली बघेना. कॅमेऱ्याकडेही बघेना. "घाम आहे, बाई."

"निळा?"

"घाबरलो की निळाच येतो. आमच्या घरात सगळ्यांनाच."

यांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. हसून हसून यांना खोकला लागला. मला मात्र हसू येईना. वन्संचा चेहरा मला दिसत होता ना.

"काढ," वन्सं म्हणाल्या.

त्याने ओलं कापड खिशातून ओढून काढलं. वन्संनी ते पिळलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं. "ताणून धर." त्याने धरलं, छातीच्या उंचीवर. डाग जसाच्या तसा. वन्सं कॅमेऱ्याकडे बघून शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "हा आपला खरा डाग. हा निघालेला नाही. पांढरं कापड दुसरं होतं, ते बाजूला ठेवा. शर्टही भिजवावा लागेल."

आणि काडी, कापड तसंच ताणून, निळ्या खिशानिशी, अगदी गंभीरपणे म्हणाला, "तर मंडळी, लक्षात घ्या. या पावडरीने एका डागाचे दोन होतात. आणि किंमत तीच."

तिथे कार्यक्रमाची वेळ संपली आणि सिनेमा लागला.

वन्सं घरी आल्या त्या डागाचं कापड आणि काडीचा शर्ट बादलीत घेऊन. पावडरीवाले निरोप न घेता गेले होते. "बंद होणार," एवढंच म्हणाल्या आणि कपडे भिजत घातले. हे काहीतरी गमतीचं बोलायला गेले. मी डोळे वटारले. सकाळी उठून मी स्वयंपाकघरात गेले, तर डबे पुन्हा उंचीप्रमाणे ओळीत. मी मीठ शोधू लागले.

दहाच्या सुमारास मालक आले. डोळे तारवटलेले. या खेपेला खुर्चीत पूर्ण बसले.

"बाई, तो डाग निघाला का?"

"नाही."

"शर्टाचा?"

"तोही नाही. तुम्ही शिक्क्याची शाई घातलीत. मला सांगायचं होतंत."

"चुकलो. पण कालपासून फोन थांबत नाहीये हो. जो तो एकच विचारतोय, डाग निघाला का? टायरवाल्याने विचारलं. माझ्या सासूबाईंनी विचारलं, ज्या माझ्याशी बोलत नाहीत त्यांनी! आणि तो काडी सगळ्यांना सांगतोय, गुरुवारी बघा, बाई काढून दाखवणार आहेत. माझ्या वतीने सगळ्या गावाला शब्द देऊन मोकळा झाला तो. आता गाणी लावली तर लोक माझी वायर तोडतील."

वन्सं उठल्या. मला वाटलं, आनंदाने काही बोलतील. त्या बादलीपाशी गेल्या, कापड उचलून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "स्पिरिट लागेल. लिंबंही. आणि हे बघा, शाईची बाटली यापुढे माझ्या पिशवीत राहील."

"राहू द्या."

"आणि त्या मुलाची नोकरी?"

"गेली तर फोन कोण घेणार?" मालक म्हणाले.

डाग निघायला तीन गुरुवार लागले. पहिल्या गुरुवारी तो जांभळा झाला, दुसऱ्या गुरुवारी करडा. काडी प्रत्येक वेळी डागाच्या प्रकृतीची बातमी देत होता: रुग्णाने रात्र शांतपणे काढली, भेटायला येऊ नये. तिसऱ्या गुरुवारी रस्ता मोकळा होता, सगळे घरात. शर्टावरचा डाग मात्र पूर्ण गेला नाही, आणि वन्संनी तसं सांगितलं. जाहिरात दिली ती लाँड्रीवाल्याने. मजकूर काडीचा: 'जे डाग बाईंना निघत नाहीत, ते आम्हालाही निघत नाहीत. इस्त्री मात्र चोख.' त्या लाँड्रीवाल्याला पुढे दुसरा गाळा घ्यावा लागला.

दोन वर्षांनी काडीला मोठ्या शहरातल्या मोठ्या चॅनेलने बोलावलं. तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, खिशात हात घालून. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"बाई, तुम्हीही चला. ते म्हणतात, दोघं मिळून हवेत."

"तिथे डाग खरा असतो का रे?"

काडी खोटं बोलणार नव्हता, निदान त्यांच्याशी तरी. "नाही बाई. रंगाचा असतो. ओल्या फडक्याने पुसला की जातो."

"मग मला तिथे काय काम? तू जा. आणि तिकडे वेळेवर जेवत जा."

त्यांना वाईट वाटलं नसेल असं नाही. पण बोलता बोलता त्या डाळिंबाच्या डागाची तयारी करत होत्या, आणि डाळिंब लगेच करावं लागतं. पुढच्या गुरुवारी मी टीव्ही लावला, तर कापड धरायला स्वतः मालक उभे. बोलणं त्यांना जमत नव्हतं, घाम मात्र साधाच येत होता. वन्संनी त्यांचे कोपर जरा वर केले, म्हणाल्या, "हं, असं," आणि कार्यक्रम सुरू झाला.