बाळकुमचा पिवळा खडा
पायराइट या खनिजावर हातोडी मारली की गंधकाचा वास येतो, आणि मला बाळकुमच्या टॉवरचा पाया आठवतो. काळा कातळ फोडताना आत पिवळे चौकोनी खडे चमकले होते. जमीन विकलेला म्हातारा रोज तिथे येऊन बसायचा. एक खडा उचलून त्याने मला, साइटवरच्या भूगर्भतज्ज्ञाला, विचारलं, "सायब, यो सोना हाय का?" मी म्हणालो, "हो काका, विकायची घाई केलीत." सगळे हसले. महिन्याभराने, म्हातारा वारल्यावर, त्याचा मुलगा तोच खडा घेऊन आला. जमीन विकायला त्यानेच लावली होती, आणि मी 'हो' म्हणालो त्या दिवसापासून मरेपर्यंत बाप त्याच्याशी बोलला नव्हता. मी खडा टाइलच्या पाठीवर घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते, ही काळी उमटली. "गंमत केलेली," मी म्हणालो. मुलगा खडा तिथेच टाकून गेला. आता मी शिकवतो, आणि विद्यार्थ्यांना पायराइट दाखवायला अजून तोच काढतो. नमुना चांगला आहे.